दाराला रकाना नाही

ता. ५ एप्रिल १९३८, मंगळवार. जळगाव.

सकाळी मॅनेजरने बोलावलं. पुढच्या बुधवारी मुंबईहून विम्याचा साहेब येतोय. गिरणीतले आग विझवायचे सगळे नळ पाण्याच्या दाबाने दीडशे पौंडांवर चढवून दोन तास धरून दाखवायचे. दाबाचा काटा हलला नाही तर पास. मी म्हटलं, सतरा वर्षांपूर्वी बसवलेले नळ, त्यानंतर एकदाही दाबून पाहिलेले नाहीत. महिनाभर तरी द्या. म्हणाला, आठ दिवस पुष्कळ झाले, नळ लोखंडाचेच आहेत ना मिस्त्री?

लोखंडाचे आहेत म्हणूनच म्हणतोय. पण हे खुर्चीवर बसणाऱ्याला कोण सांगणार.

चार खाती, दोन मजले. माणूस मी एक आणि पंपावरचा गणपत.

दुसरं भांडण वारावरून. मी म्हटलं रविवारी करू, गिरणी बंद, खाली माणूस नाही. तर रविवारी बॉयलर थंड असतो, एका चाचणीसाठी पेटवणार नाही म्हणे. वाफ नाही तर पंप नाही. म्हणजे बुधवारीच, चालू पाळीत, लोकांच्या डोक्यावर. तोंडात आलेला शब्द गिळला. नऊ वर्षं गिळतोच आहे.

ता. ६, बुध.

रिळिंग खात्यापासून, जिथं बायका सुताच्या लड्या करतात, सुरुवात केली. वरचा मजला, सगळ्यात जुना भाग. गिरणी उभी राहायच्या आधी इथं कापसाच्या गाठींची वखार होती. खिडक्यांना गज, जिना अरुंद, वर एकच दार, दाराला बाहेरून कुलूप. बायका सुताच्या लड्या लुगड्यात दडवून नेतात असा वहीम, म्हणून. किल्ली जमादाराच्या कमरेला. शिडी खांद्यावर घेऊन मी पायरीवर ताटकळत उभा, तेव्हा हा खालून विडी विझवत आला. मला आत घेतलं, मागे परत कुलूप घातलं.

आत साठेक बायका. आक्का खिडकीकडच्या रांगेत. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रिळ चालू ठेवला. कामावर ती मला भाऊ म्हणून ओळख देत नाही, बायका बोलतात म्हणून.

शिडी लावून वर चढलो आणि डोकं फिरलं. दिवाळीला छताला चुना मारला, तेव्हा नळांनाही मारलाय. तोट्यांनाही. एकेका तोटीवर चुन्याचा पापुद्रा बोटभर. असल्या तोटीला आगीची धग लागणार कधी आणि ती उघडणार कधी? मारणाऱ्याला कुणी सांगितलं नाही, सांगणाऱ्याने पाहिलं नाही. दिवसभर ओलं फडकं आणि लाकडाची काडी घेऊन खरवडत होतो. खाली बायकांच्या डोक्यावर भुकटी पडत होती, एकीने तक्रार केली नाही. एकवीस तोट्या झाल्या. मान वळत नाही.

ता. ८, शुक्र.

रात्री ताट वाढताना सरूने विचारलं, रोज चुना माखून येता ते कसलं काम? सांगितलं. छताखाली नळांचं जाळं आहे, त्यात कायम पाणी भरलेलं. ठरावीक अंतरावर तोटी. तोटीच्या तोंडावर मऊ धातूचा डाग, खाली आग लागली की तो डाग वितळतो, तोटी आपोआप उघडते, पाणी पडतं, आणि पाणी वाहायला लागलं की बाहेर भिंतीवरची घंटा वाजते. म्हणाली, मग चांगलंच आहे की, एवढे चिडता कशाला?

कशाला ते सांगायला बसलो असतो तर भाकर निवली असती.

आज मोठा व्हॉल्व्ह उघडायला मी आणि गणपत दोघं लोंबकळलो तेव्हा हलला. नळातलं जुनं पाणी सोडलं. शाईसारखं काळं, मेलेल्या उंदराचा वास. गणपत म्हणाला, सतरा वर्षांचं लोणचं. हसू आलं, मग राग आला.

ता. १०, रवि.

आक्का जेवायला आली. मेहरूणहून भर उन्हात चालत. टांगा करत जा म्हटलं की ऐकत नाही. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. हिनेच वाढवलं, हिच्या लग्नात मी हिच्या पदराला धरून रडलो होतो असं सगळे सांगतात. धाकल्या वयात विधवा होऊन धुळ्याकडून इकडे आली ती माझ्याच भरवशावर, आणि भरवसा म्हणून मी हिला त्या रिळिंगात चिकटवून दिलं.

पुरणपोळी केली होती. खाल्ली थोडीच. पाणी मात्र तांब्याने प्यायली. सरूने विचारलं तेव्हा कळलं, खात्यात बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. प्यायलं की बाहेर जावं लागतं, बाहेर जायचं तर जमादाराला हाका मारायच्या, तो येईल तेव्हा येईल, आणि वर काहीबाही बोलेल. एप्रिलच्या या उन्हात. सहा वर्षं ही तिथं आहे आणि मला आज कळतंय.

बुधवारचं तिला सांगितलं. एखाद्या सांध्यातून पाणी गळेल, घाबरू नका म्हणून बायकांना सांगून ठेव. तिने विचारलं, "त्या रोज दार उघडं ठेवतीन का?"

मी म्हटलं, दाराचं माझ्याकडे नाही आक्का. माझ्याकडे नळाचं.

ता. १३, बुध.

आज लिहवत नाही. रिळिंगमधली काशी सरकारी दवाखान्यात आहे.

ता. १४, गुरु.

लिहितो. नंतर कुणी म्हणेल असं झालंच नाही.

विम्याचा साहेब वेळेवर आला. आपलाच माणूस, मराठी, पन्नाशीचा, शांत. हातात वही. मॅनेजरने त्याच्यासाठी पंपघरापाशी खुर्ची टाकली होती आणि जमादाराला छत्री धरून उभं केलं होतं. जमादाराला. किल्लीसकट.

गणपतने पंप सुरू केला. मी काट्यासमोर. शंभरपर्यंत सगळं चांगलं. एकशेवीसला कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात एका सांध्याला घाम आला, पाना मारून बंद केला. एकशेचाळीस. तेव्हा मला म्हणता आलं असतं, जमादार, वर जाऊन दारात उभा राहा. एवढंच वाक्य. सुचलंही होतं. पण काटा सरळ चढत होता आणि मी आनंदात होतो. खरं तेच लिहितो. आनंदात होतो.

एकशेअठ्ठेचाळीसला काटा धाडकन खाली आला आणि भिंतीवरची घंटा वाजायला लागली.

रिळिंगमधली एक तोटी तोंडासकट उडाली होती. मधल्या रांगेतली. मीच चुना काढलेली. ते काळं घाणेरडं पाणी बायकांच्या अंगावर, सुतावर, आणि बाहेर घंटा थांबेना. ती घंटा कशाची हे गिरणीत सगळ्यांना माहीत आहे. आग. साठ बायका दाराकडे धावल्या.

मी जिना चढलो तर कुलूप. आतून दारावर हात, डोकी, काय काय आपटत होतं. मी बाहेरून ओरडतोय आग नाही, पाणी आहे, पाणी. घंटेत माझं मलाच ऐकू येईना. जमादार छत्री टाकून धावत आला, किल्ली लावली, कुलूप निघालं. दार उघडेना. ते दार आत उघडतं, आणि आतून साठ जणींचा भार त्याच्यावर. आम्ही दोघं खांदा लावून ढकलतोय, म्हणजे त्यांनाच चेंगरतोय, हे मला ढकलताना कळलं आणि मी जमादाराला ओढून मागे घेतलं.

गणपतने खाली व्हॉल्व्ह बंद केला असावा. घंटा थांबली. तेव्हा आतून आक्काचा आवाज आला. शेतात ओरडावं तसा. "मांगे सरा. बठ्ठ्या मांगे सरा. आग नही शे."

सरल्या. दार वीतभर उघडलं, मग हातभर. चौकटीजवळ तळाला काशी होती. अंगावरून दोन-तीन जणी उठल्या, ती उठली नाही. सहावा महिना होता तिला.

साहेबाच्या वहीत सात मिनिटं लिहिलंय. घंटा वाजल्यापासून दार उघडेपर्यंत.

ता. १५, शुक्र.

दवाखान्यात गेलो. काशी वाचली. मूल गेलं. मुलगा होता असं दाई म्हणाली, न विचारता.

काशीचा नवरा वऱ्हांड्यात उकिडवा बसला होता. कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करतो, अंगावर अजून कापूस. मी गिरणीचा मिस्त्री हे त्याला ठाऊक. त्याने विचारलं, "आग कोठे लागेल व्हती?"

मी म्हटलं, लागलीच नव्हती. पाणी तपासत होतो.

त्याने मान हलवली. त्याने माझ्या थोबाडीत मारली असती तर मी आज झोपलो असतो.

परत येताना आक्काच्या खोलीवर गेलो. मनगट सुजलेलं, हळद लावली होती. बसायला सांगितलं नाही. म्हणाली, "दार बंद ऱ्हास हाई तुले माहीत व्हतं. आठ रोज तू आम्हना माथावर चढेल व्हता. तुले नळ दिसनात, आम्हीन नही दिसनूत."

उभा राहिलो आणि निघून आलो.

ता. १८, सोम.

मॅनेजरने चौकशी केली. चौकशी म्हणजे त्याने सांगितलं, कारकुनाने लिहिलं. मिस्त्रीने तोटी नीट तपासली नाही हे एक. बायका मुळात घाबरट, विनाकारण गोंधळ केला हे दुसरं. दार कुठंच नाही. मी म्हटलं दार लिहा. म्हणाला, दार चाचणीचा भाग नाही. मी म्हटलं बाई चेंगरली ती नळाखाली नाही, दारापाशी. म्हणाला, आवाज खाली ठेवा.

आणि मग म्हणतो, पुढची चाचणी येत्या रविवारी, गिरणी बंद ठेवून. बॉयलर पेटवायला सांगितलंय.

आता बॉयलर पेटतो. चाचणीआधीच्या रविवारी पेटत नव्हता. मी टेबलाची कड धरून उभा होतो. सोडली असती तर काय केलं असतं माहीत नाही.

ता. २१, गुरु.

रिळिंगमधल्या सगळ्या तोट्या बदलल्या. मॅनेजरने नव्या मागवल्या, एका शब्दाने. मागे तीन वर्षं अर्ज करत होतो.

खातं दोन दिवस वाळवायला बंद होतं. झाडूवाल्याने झाडून घेतलंय, पण उंबऱ्याच्या फटीत बांगड्यांचे तुकडे अजून आहेत. हिरव्या, लाल. पान्याच्या टोकाने उकरून काढले. मग ते टाकायचे कुठं ते कळेना. खिशात घालून आणले. सरूने धुताना काढले आणि तुळशीपाशी ठेवले.

ता. २४, रवि.

दुसरी चाचणी. साहेब परत आला. मी सांगितलं, मी वर रिळिंगमध्ये थांबतो, तोट्यांवर नजर ठेवतो, खाली गणपत काटा बघेल. जमादाराने दार उघडून दिलं.

नळ चढले. दीडशे. वर एक थेंब नाही. बाकावर बसलो. रिकामं खातं, रिळ थांबलेले, कौलांतून आच येत होती. तासाभराने घसा कोरडा पडला म्हणून खाली जाऊन पाणी प्यावं म्हटलं.

दाराला कुलूप.

जमादाराने मला आत सोडून मागे कुलूप घातलं होतं. दार वाजवलं. हाका मारल्या. खाली पंपाचा आवाज, कुणाला ऐकू जाणार. मला ठाऊक होतं की आग नाही, नळ ठीक आहेत, तासाभरात कुणीतरी येईलच. सगळं ठाऊक होतं. तरी खिडकीचे गज धरून हलवले, नंतर दारावर लाथा घातल्या. शेवटी दाराला पाठ लावून खाली बसलो. तेवढ्याच जागेत, जिथं काशी होती.

दोन तास झाल्यावर जमादार आला. म्हणाला, सवय हो मिस्त्री, हातानं आपोआप लागतं. माझी मूठ वळलेली होती. त्याच्या तोंडाकडे पाहिलं, म्हाताऱ्याला खरंच कळलेलं नव्हतं. मूठ सोडली.

नळ पास.

साहेब निघताना त्याला गाठलं. म्हटलं, साहेब, त्या दिवशी तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. आग लागली आणि सगळ्या तोट्या उघडल्या तरी त्या बायका मरतील, धुराने नाही तर एकमेकींखाली. तुमच्या कागदावर लिहा. त्याने ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. वही उघडून मला दाखवली. टाकी, पंप, व्हॉल्व्ह, नळ, सांधे, तोट्या, घंटा. प्रत्येकाला रकाना. म्हणाला, "मिस्त्री, दाराला रकाना नाही. इमारत वाचते की नाही तेवढंच आम्ही बघतो."

इमारत.

ता. २५, सोम.

कागदावर गिरणीच्या मिस्त्रीची सही लागते. मॅनेजरने पुढे केला. वाचला. सगळं खरं होतं. नळ ठीक, सांधे ठीक, तोट्या नव्या, घंटा वाजते. मी खाली माझ्या हाताने लिहिलं: रिळिंग खात्याचे दार आत उघडते व पाळीत बाहेरून कुलूप असते. मग सही केली.

मॅनेजरने वाचून कागद फाडला. दुसरा काढला. विचारलं, नळ ठीक आहेत की नाहीत? मी म्हटलं आहेत. मग सही करा. मी म्हटलं, खालच्या ओळीसकट करतो, नाहीतर नाही. त्याने कागद आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाला, तुम्ही जा.

ता. २७, बुध.

कागदावर मिस्त्रीच्या सहीच्या जागी गणपतचा अंगठा आहे. कारकुनाकडून कळलं.

पंपघरात जाऊन त्याला नको ते बोललो. त्याच्या आईवरूनही बोललो, ते चुकलं. तो तेलाचं फडकं हातात घेऊन ऐकत राहिला. मग एवढंच म्हणाला, "नामदेव, नळ खरंच ठीक आहेत ना? मग मी खोटं काय केलं?"

हेच तर. खोटं कुणीच काही केलं नाही. मॅनेजरने नाही, साहेबाने नाही, गणपतने नाही. मीही नाही. सगळे खरे आणि काशीची कूस रिकामी.

तिला आज घरी सोडलं. कामावर ठेवणार की नाही ते तिच्या नवऱ्याला कुणी सांगत नाही.

ता. २८, गुरु.

फाटकापाशी कारखान्याच्या कायद्याचा फलक आहे. नऊ वर्षं त्याच्यासमोरून जातोय. आज थांबून वाचला. अक्षर बारीक, वरून पाळ्यांचा तक्ता अर्धा आडवा टांगलेला. तक्ता उचलून धरला तर खाली लिहिलंय. काम चालू असताना खोलीच्या दाराला कुलूप लावायचं नाही, दार बाहेर उघडणारं पाहिजे. सरकारचा कायदा, मराठीत, फाटकावर, तक्त्याखाली.

इतका संताप आला की तक्ता ओढून काढला. जमादाराने पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

तडक आक्काकडे गेलो. ती त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत नाही. दारातूनच सांगितलं. तिने दोनदा म्हणायला लावलं. मग विचारलं, "हाई सरकारनं लिखेल शे? तू नही?" मी म्हटलं सरकारने. मग म्हणाली, बस. इतक्या दिवसांनी बस म्हणाली.

ता. ३०, शनि.

काल आणि आज बायका कामावर आल्या पण वर गेल्या नाहीत. जिन्याखाली बसल्या. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. फक्त बसल्या. आक्का पुढे, सुजलेला हात मांडीवर. मॅनेजर आला, काय पाहिजे विचारलं. आक्काने सांगितलं, कुलूप काढा, आम्ही वर जातो. दुसरं काही नाही. तो म्हणाला, नावं लिहून घेतो. आक्का म्हणाली माझं पहिलं लिहा.

मला भीती वाटली. राग तिच्यावरही आला. हिला काढलं तर ही कुठं जाणार, माझ्या दारात ती मानाने राहणार नाही. पण हे तिला सांगायची माझी लायकी नाही.

दुपारी मॅनेजरने मला बोलावलं. म्हणाला, बायकांचं म्हणणं मान्य, कुलूप काढलं. मी क्षणभर त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. मग म्हणाला, उद्या रविवार आहे, त्या दाराला बाहेरून लोखंडी अडसर बसवा. कुलूप नको म्हणतात, कुलूप नाही. जमादार तिथंच स्टुलावर बसेल.

बरं म्हटलं. शांतपणे म्हटलं. माझं मलाच नवल.

ता. १ मे, रवि.

पाना, छिन्नी, हातोडा घेऊन सकाळी गेलो. अडसर लोहाराने करून ठेवला होता, तोही उचलून वर नेला.

जमादार स्टुलावर. मी अडसर भिंतीला टेकवला आणि बिजागऱ्या सोडायला लागलो. जुनं सागवान, वखारीच्या वेळचे खिळे, छिन्नी लावून एकेक तोडावा लागला. जमादाराने विचारलं, मिस्त्री, अडसर बसवायला दार काढावं लागतं का? मी म्हटलं, हो. थोड्या वेळाने तो उठून खाली गेला, आणि मला वाटलं मॅनेजरच्या बंगल्यावर गेला. तो फाटकावर जाऊन बसला होता.

शेवटची बिजागरी सुटली तेव्हा दाराचा भार अंगावर आला. एकट्याला पेलेना. खांद्यावर धरून तसाच उभा, ना ठेवता येई ना सोडता. जिन्यावर पावलं वाजली. गणपत. आज त्याची सुट्टी, कसा आला, कुणी बोलावलं, विचारलं नाही. त्याने दुसरं टोक धरलं. आम्ही ते जिन्यातून उतरवलं. दोनदा अडकलं. अंगठ्याची साल निघाली. पंपघराच्या भिंतीला उभं केलं.

मी म्हटलं, त्या दिवशी तुझ्या आईवरून बोललो ते मागे घेतो. म्हणाला, ती असती तर तिने तुझ्या शिव्या तुला ओळीने परत दिल्या असत्या. आणि घरी गेला.

ता. २ मे, सोम.

सकाळी बायका जिन्याखाली थांबल्या. आक्का एकटी वर गेली, बघून खाली आली, काय सांगितलं मला ऐकू आलं नाही. सगळ्या वर गेल्या. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, आक्कानेही नाही.

दहाच्या सुमाराला काशी आली, नवऱ्यासोबत. जिन्याच्या पहिल्या पायरीवर हात ठेवून उभी राहिली. वरून कुणीतरी हाक मारली, ये, दार नाही आता. तिने पायरीवरचा हात काढला. नवरा म्हणाला अजून अशक्त आहे. दोघं परत गेले.

दुपारी मॅनेजर. दार कुणी काढलं? मी. सोबत कोण होतं? कुणी नाही. त्याने खिडकीतून पंपघराकडे पाहिलं. म्हणाला, ते दार एका माणसाने उचलण्यासारखं नाही. तरी ठीक. एकट्याने काढलंत तर एकट्याने चढवा. उद्याचा आखाजीचा सण होऊन जाऊ द्या, परवा सकाळी दार जागेवर दिसलं पाहिजे, नाहीतर तुमच्या जागी दुसरा मिस्त्री दिसेल. मी विचारलं, आणि फाटकावरचा कायदा? म्हणाला, कायद्याचं मी बघतो.

कारखान्यांच्या सरकारी इन्स्पेक्टरला पत्र लिहिलंय. तीन वेळा फाडून चौथ्यांदा. शिव्या काढून टाकल्या, दाराचं माप, बायकांची संख्या, सात मिनिटं, एवढं ठेवलं. नाव माझंच घातलं. संध्याकाळच्या डाकेत टाकलं. तो कधी येईल, येईल का, आला तर आधी कुणाच्या बंगल्यावर चहा घेईल, सांगता येत नाही.

उद्या आखाजी, अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी जायचा सण. सरूची ट्रंक भरून तयार आहे, सकाळच्या गाडीने बोदवडला माहेरी. आक्काला सांगून आलो, तुझं माहेर म्हणजे हेच घर, जेवायला ये, सरू नसली तरी मी करतो. पाहू म्हणाली.

सरूला सगळं सांगितलं. ट्रंकेच्या झाकणावर बसून ऐकलं तिने. मग विचारलं, बाबांना सांगून ठेवू का, आपण दोघंही येऊन राहू म्हणून?

मी म्हटलं, अजून नको.